तुपातला हिंग

माझ्या पोटात पहिली कळ आली तेव्हा मी सातवा वडा कोंबडीच्या रश्श्यात बुडवत होतो. आकडा इतका पक्का लक्षात आहे, कारण पुढे वर्षभर चाळीतल्या प्रत्येकानं मला तोच प्रश्न विचारला, "किती खाल्ले होतेस?" मी प्रामाणिकपणे "सात" म्हणालो की समोरचा अशी काही मान हलवायचा, जणू रोगाचं निदान, उपचार आणि शिक्षा तिन्ही एकदमच उरकली.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. तिच्यात बाबा, आई आणि मी. बाबा गिरणीत विणखात्यात होते. मी मात्र घराण्याचं सूत सोडून शाईत हात घातला होता. ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. बाबांचं म्हणणं, दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाचं पोट दुखणारच.

तर वडा ताटात ठेवला आणि उठलो. बसवेना. उभा राहिलो, तेही होईना. आडवा झालो तर कुणीतरी छातीवर गुडघा रोवून बसल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा उठलो. उजवीकडे, बरगड्यांच्या जरा खाली, ओला पंचा पिळावा तसं आत काहीतरी पिळलं जात होतं आणि पिळणारा दमत नव्हता. दोन-अडीच तासांनी जसं आलं तसं ते गेलं. मी घामानं निथळत भिंतीला टेकून बसलो आणि आईला म्हणालो, "तो वडा ठेवलायस ना?"

मग ते येतच राहिलं. आधी निरोप नाही, ठरलेला वार नाही. कधी महिनाभर पत्ता नाही, कधी आठवड्यात दोनदा. होळीच्या रात्री आलं. एकदा मालकांकडे जेवून छापखान्यात परतल्यावर आलं, तेव्हा मी प्रुफं हातात घेऊनच ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मालकांना वाटलं मी नोकरी सोडायचा विचार करतोय.

पोट दुखणारी शहाणी माणसं गुडघे पोटाशी घेऊन गुपचूप पडून राहतात. मला ते साधलंच नाही. माझं दुखणं चालतं होतं. घरी असलो की मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. आमची गॅलरी बावीस खोल्यांची. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला नळ, आणि मध्ये बावीस दारांत बावीस वैद्य.

"ओवा चाव रे, ओवा."

"मी म्हणते सोडा पी. ढेकर आला की मोकळा होशील."

"गॅस आहे. माझ्या मेहुण्याला असंच व्हायचं."

"मग आता बरा आहे का?"

"वारला."

नळापर्यंत जाऊन मी वळेस्तोवर ओवा सांगणारीनं तळहातावर ओवा काढून ठेवलेला असे. तो तोंडात टाकायचा आणि पुढे जायचं. एका येरझारीत माझ्या पोटात ओवा, सोडा, सुंठ, लिंबू आणि एका मेहुण्याची दुःखद कहाणी एवढं जाई.

नळाशेजारच्या खोलीत एक मालवणी आजी राहायची. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. आजीनं आपला अधिकार स्वतःच वाढवून पाठीवरून पोटावर आणला होता. मी समोरून आलो की ती मला उंबऱ्यात आडवा करायची, भिंतीला धरून एक पाय उचलायची आणि माझ्या पोटाला तीनदा लावायची. वय सत्तरीच्या पुढचं, वजन चिमणीचं. लाथ लागली की नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

"गेला मा?" ती विचारायची.

"नाही, आजी."

"जायत. पाय माझो जुनो झालो, येळ लागता."

आणि या सगळ्यावर आईचा उपाय होता तुपातला हिंग. आजोळाहून वर्षाला एक बरणी तूप यायचं. ती बरणी फळीवर सगळ्यात वर, देवाच्याही वर. एरवी सणाला वरणभातावर थेंब पडायचा. माझं पोट दुखायला लागल्यापासून मात्र आई ती बरणी सढळ हातानं उतरवू लागली. वाटीत तूप कढवायचं, त्यात हिंगाचा खडा फुलवायचा, चिमूटभर मीठ, आणि गरम गरम पाजायचं. बाबा त्या वाटीकडे अशा नजरेनं बघायचे की त्यांनाही कुठंतरी दुखत असावं.

डॉक्टरही झाले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गुलाबी औषधाची बाटली दिली, कडेला डोस मोजायला कात्रीनं दात पाडलेली कागदाची पट्टी. शेवटी मोठ्या इस्पितळात पोटाचा फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. बाबांना बरं वाटलं. मला नाही. काही नव्हतं, तर मग आत पिळत कोण होतं?

बाबांनी घरी येऊन "काही निघालं नाही" असं सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. ते वाक्य बावीस दारांतून फिरत फिरत नळापर्यंत पोचलं, तेव्हा त्याचं "त्याला काही झालेलंच नाही" असं झालं होतं.

यात माझाही दोष होता. चाळीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि मरणाचा प्रवेश असला की तो मला मिळायचा. मी फार छान मरायचो. एका वर्षी तर तलवार लागल्यावर मी स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या कळवळून लोळलो की लोकांनी वन्समोअर दिला. मी उठलो, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा मेलो. आता असा माणूस पोट धरून गॅलरीत फिरू लागला तर लोकांनी काय समजावं? माझ्या पाठीमागे मुलं टाळ्या वाजवायची.

तोपर्यंत हे सगळं हसण्यावारी होतं. पण ते दिवस हसण्याचे राहिले नव्हते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर सुरू व्हायची. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. रस्त्यावर विटांचे तुकडे आणि फुटक्या सोडावॉटरच्या बाटल्या. अश्रुधुरानं डोळे चुरचुरायचे म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा. छापखान्यात पत्रकांचे ढीग यायचे आणि मी त्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत बसायचो, तेव्हा मलाच माझी लाज वाटायची. लोक गोळ्या खात होते आणि मी वेलांट्या दुरुस्त करत होतो.

गोळ्या खरोखरच चालल्या होत्या. समोरच्या चाळीतला एक तरुण त्यात गेला. माझ्याच वयाचा. त्याचा लेंगा आणि सदरा त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता. तो दोन दिवस कुणी काढला नाही. आमच्या दारात उभं राहिलं की तो सदरा सरळ समोर दिसायचा. आई तांदूळ निवडायला दारात बसायची, ती त्यानंतर आत बसू लागली.

आमच्या मजल्यावर एक तरुण विणकर होता, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. आवाज खणखणीत, मनगट जाड, आणि सार्वजनिक कामाची अशी हौस की नळावरची भांडणंसुद्धा तो ठराव मांडून मिटवायचा. आम्ही त्याला पुढारी म्हणायचो आणि तो ते कौतुक म्हणून घ्यायचा. मोर्चाला आमच्या मजल्यावरून कोण जाणार याची यादी त्यानं केली. पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं.

"मोठ्यानं ओरडायला नाटकवाला हवा," तो म्हणाला. मी छाती काढली.

मोर्चाच्या दिवशी सकाळी आईनं मला वाटीभर तूप-हिंग दिलं. म्हणाली, "दिवसभराचं चालणं. मध्येच पोट उठायला नको. आधीच घेऊन ठेव."

मला तिचं शहाणपण पटलं. तासाभरात मी शर्ट घालत असताना कळ आली. खाली घोषणा सुरू झाल्या होत्या. पुढारी जिन्यावरून ओरडत होता, "अरे चल रे!" आणि मी गॅलरीतून नळाकडे चाललो होतो, म्हणजे जिन्याच्या बरोबर उलट दिशेला. तो वर आला, त्यानं मला पाहिलं आणि आल्या पावली खाली गेला.

महिन्याभरानं सत्याग्रहाची तुकडी निघाली. स्वतःहून जाऊन अटक करून घ्यायची होती. या खेपेला पुढाऱ्यानं चारचौघांत विचारलं, "काय रे, पोटाला विचारून सांग, येणार का?" मी म्हणालो, "येणार." सगळ्या चाळीनं ते ऐकलं. सकाळी पुन्हा वाटी, पुन्हा आईचे तेच शब्द, आणि तुकडीला ओवाळायला बायका तबक घेऊन उभ्या असताना मी खोलीत भिंतीवर डोकं टेकून पाय आपटत होतो. खालून कुणाचा तरी आवाज आला, "नाटक्याचा प्रवेश सुरू झाला." आणि हशा. सत्याग्रहाला निघालेली माणसं हसत हसत गेली, तेवढंच माझं योगदान.

त्यानंतर मी गॅलरीतून जाताना कुणी ओवा काढून ठेवीना. बाबा आधीच कमी बोलायचे, आता जेवताना ताटाकडेच बघायचे. एक दिवस न राहवून म्हणाले, "खात्यात विचारतात मला. मुलाचं पोट कसं आहे, विचारतात. आणि हसतात." बस, एवढंच. मला त्या क्षणी असं वाटलं की गोळी परवडली.

म्हणून तिसऱ्या तुकडीत मी स्वतः जाऊन नाव घातलं. पुढारी म्हणाला, "बघ हां. आता नाही आलास तर तुझ्या घरी पोस्टानं बांगड्या येतील." मी म्हणालो, "रांगत येईन."

तो दिवस उजाडला. मी पहाटेपासून जागा. पोट ठणठणीत, पण त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. शिंक आली तरी दचकायचो. बाबा पाळीला गेले होते. जाताना नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. आईनं स्टोव्ह पेटवला. वाटीत तूप कढलं, हिंग फुलला, घरभर वास सुटला. तेवढ्यात पायाळू आजी आशीर्वादाची म्हणून एक आगाऊ लाथ मारायला दारात आली. तिनं वाटी बघितली आणि ती कमरेवर हात देऊन म्हणाली,

"अगो बाय, परत तूप कित्याक देतंस त्येका? परवा तूच सांगलंस मा माका, तूप पोटात गेला काय झिलाच्या पोटात कळ येता म्हणान!"

आईनं स्टोव्ह विझवला.

मी आईकडे बघितलं. आई वाटीकडे बघत होती. मी तरुण होतो, मूर्ख होतो, पण सात वडे, होळीची पुरणपोळी, मालकांच्या घरचं श्रीखंड-पुरीचं जेवण आणि त्या दोन सकाळींच्या दोन वाट्या ओळीनं मांडायला मला फार वेळ लागला नाही. मोठ्या डॉक्टरांना पित्ताशयातले खडे पुढे पंचवीस वर्षांनी सापडले. माझ्या आईला, जिला सही करायला अंगठा लागायचा, ते केव्हाच कळलं होतं. कुणाच्या ताटात काय पडलं आणि नंतर कोण कसा कण्हला, हे तिच्याइतकं कुणी बघतच नव्हतं.

"आई, तुला ठाऊक होतं?"

आई घाबरली किंवा रागावली की मालवणीत शिरायची. त्या दिवशी दोन्ही होतं.

"होय, ठावक होता. दोनदा दिलंय. आजय देतलंय." तिनं वाटी माझ्यापुढे धरली. "पोटातला दुखणा दोन तासांन उतारता रे. गोळी उतारता काय? ती पोटात गेली तर खयचो हिंग लावू मी?"

आजी म्हातारी, पण तिला आपण काय केलं ते समजलं. ती उंबऱ्यात बसली.

मला ओरडायचं होतं. संवाद तयार होता माझ्याकडे, हातवाऱ्यांसकट. तू माझी अब्रू घालवलीस, बाबांना मान खाली घालायला लावलीस, चाळीत मला विदूषक केलंस. पण तोंड उघडलं आणि एक अडचण आली. दुसऱ्या खेपेला ती वाटी समोर आली, तेव्हा नुसत्या वासानं माझ्या पोटात ढवळलं होतं. माझ्या जिभेनं, नाकानं, आतड्यांनी मला सांगितलं होतं की हे घेऊ नकोस. आणि तरी मी ती वाटी बोटानं निपटून चाटली होती. नंतर भिंतीवर डोकं टेकून पाय आपटत असताना, तुकडीचा आवाज दूर जाताना, दुखण्याच्या खाली कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. आईनं दिलं खरं, पण गिळलं कुणी?

म्हणून मी ओरडलो नाही. मी म्हणालो, "आई, आज नको."

खाली बायकांनी ओवाळायला सुरुवात केली होती. आईनं वाटी बाजूला ठेवली, डब्यातली रात्रीची भाकरी काढली, वर लसणीची सुकी चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. तेलाचं बोटसुद्धा नाही. मी उभ्यानंच खाल्ली. आता मात्र माझ्याकडे काहीच सबब उरली नव्हती.

"मगे ह्या तुपाचा काय?" आजीनं हळूच विचारलं.

आणि तिनंच वाटी उचलली, तोंडाला लावली आणि रिकामी केली. "फुकट कित्याक घालवूचा," ती म्हणाली आणि तोंड पुसून तिनं मला तीन लाथा मारल्या. त्या दिवशी त्या लागल्या.

मी गेलो. घोषणा दिल्या. पुढाऱ्याच्या मागे चालताना मी दोनदा त्याच्या टाचेवर पाय दिला. भीती पोटातच असते, पण तिची जागा वेगळी, जरा डावीकडे आणि खाली. मला दोन्ही ओळखता येत असल्यामुळे हा फरक मी खात्रीनं सांगतो. त्या दिवशी गोळी चालली नाही. पोलिसांनी आम्हाला गाडीत भरलं आणि आठ दिवस आत ठेवलं. तिथं पाण्यासारखी डाळ आणि चामड्यासारखी चपाती मिळायची. सगळे जेवणाला शिव्या देत. माझं पोट मात्र इतकं सुखात होतं, की सरकारविरुद्ध घोषणा देताना मला थोडं कृतघ्न वाटायचं.

सुटून आलो तेव्हा चाळीच्या दारात ढोल, हार, गुलाल. बाबा गर्दीत मागे उभे होते. मला वाटलं, संपलं, फिटलं सगळं. आणि पुढारी बाकावर चढला. एकेकाचं नाव घेऊन त्यानं कौतुक केलं, आणि माझ्यापाशी आला तेव्हा हात पसरून म्हणाला, "आणि हा आमचा नाटक्या! आठ दिवस बरोबर होता, मंडळी. तुरुंगातलं अन्न खाल्लं, पण एकदा म्हणून पोट दुखलं नाही! आधीच्या दोन खेपांना काय दुखत होतं, ते आता तुम्हीच समजून घ्या!"

तो चांगल्या मनानं बोलला. त्याला वाटलं, घाबरट होता, आता धीट झाला. लोकही प्रेमानंच हसले. बाबांनी मान खाली घातली. आता आली का पंचाईत? गेलो नाही तेव्हा घाबरट होतो, आणि गेल्यावर शिवाय खोटारडाही ठरलो. खरं सांगून मोकळं व्हायचं, तर आईचं नाव पुढे येणार. पोराला सत्याग्रहापासून अडवायला पोटात दुखवणारी बाई म्हणून तिच्याकडे बावीस दारं बघणार. ते मी मेलो तरी करणार नव्हतो, आणि मरण्यातला माझा अधिकार सर्वांना ठाऊक होता.

पंधरा दिवस मी हसत हसत सगळं ऐकून घेतलं. नळावर एक जण पोट धरून कण्हून दाखवायचा. जिन्यात विचारायचे, "काय, पुढचा प्रयोग कधी?" मीही वाकून सलाम करायचो. घरी मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. दुखत नसतानाही मी गॅलरीत फेऱ्या घालू लागलो. आई आतून बघायची.

मग सुटून आलेल्या सगळ्यांसाठी चाळीनं सत्यनारायण घातला. रविवारी दुपारी खाली अंगणात पंगत. केळीची पानं, वरणभात, पुरणपोळी. वर्गणीतून तुपाचा डबा आणला होता. पुढारी माझ्या शेजारच्या पानावर बसला. तूप वाढायला आई होती. दर सणाला तीच वाढायची, कारण तिचा हात मोजका म्हणून प्रसिद्ध होता.

ती वाकून वाढत वाढत माझ्या पानापाशी आली. पळी तुपात बुडवलेली. तिथं थांबली. माझ्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या पुढाऱ्याकडे, मग समोरच्या रांगेत बाबांकडे. आणि अगदी हळू आवाजात तिनं मला विचारलं,

"वाढू?"

तिनं आजवर मला कधी विचारून दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "वाढ."

तिनं पळीभर ओतलं. मी पोळी उलटली. तिनं दुसऱ्या बाजूवर पळीभर ओतलं. "काकी, आज हात सैल सुटलाय," पुढारी म्हणाला. मी एक पोळी संपवली आणि दुसरी मागितली. आईनं तिच्यावरही ओतलं आणि पुढे गेली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती मोजतेय.

जेवणं झाली, विडे फिरले, आणि मी भिंतीला टेकून वाट बघत बसलो. जे दुखणं वर्षभर नको नको म्हटलं तरी यायचं, ते आज कुठं अडकलं होतं कोण जाणे. पुढारी पुढच्या सभेचं बोलत होता. मी हं हं करत होतो आणि सगळा जीव उजव्या बरगडीखाली. अर्धा तास गेला. म्हटलं, आता हेही मला दगा देणार. आणि पुढारी "ध्वनिक्षेपक" हा शब्द उच्चारत असताना आत पंच्याचा पहिला पीळ बसला.

इतक्या आनंदानं मी कधी कुणाचं स्वागत केलं नसेल. पण आनंद टिकला दोन मिनिटं. पुढे आनंद, अब्रू, संयुक्त महाराष्ट्र, सगळं पुसलं गेलं आणि नुसतं दुखणं उरलं. मी उठलो, चाललो, वळलो, खाली बसलो, पुन्हा उठलो. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी टाळी आली नाही. मी त्या वेळी हातवारे करत नव्हतो, कण्हतही नव्हतो, मला सुचतच नव्हतं. खरं दुखणं फार वाईट नट असतं. पुढारी पुढे आला, त्यानं माझा हात धरला आणि तो दचकला. "अरे, हा बर्फ झालाय," तो म्हणाला. "घाम बघ. अरे, हा... आज तर कुठं जायचंही नाहीये!"

ते वाक्य तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. बाबा रांगा ओलांडून आले. त्यांनी मला धरलं, आणि मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं. ते एकदा बघणं पुरलं.

पुढाऱ्यानं मला उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्याच्या खांद्यावरून मला गॅलरी उलटी दिसत होती, आणि दारादारांतून बायका ओवा, सोडा, सुंठ घेऊन धावत होत्या. माझी मंडळी परत आली होती. त्यानं मला खोलीत निजवलं, मी उठलो, त्यानं पुन्हा निजवलं. "चुकलो रे मी," तो सारखं म्हणत होता, "काकी, चुकलो मी." आई गरम विटेला फडकं गुंडाळून माझ्या कुशीला शेक देत होती. ती त्याच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

तो धावत घरी गेला आणि धावत आला. हातात वाटी. कढत तूप, त्यात फुललेला हिंग. त्याच्या घरातलं असेल नसेल तेवढं तूप त्यानं त्या वाटीत ओतलं होतं.

"काकी, हे द्या त्याला. लगेच उतरेल."

"नको!" आई आणि मी एकदम ओरडलो.

तो वाटी धरून तसाच उभा. आईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तेवढ्या कळेतही मला हसू फुटलं, हसलं की जास्त दुखायचं, म्हणून मी कण्हलो, आणि कण्हलो म्हणून ती तोंडाला पदर लावून हसू लागली. पुढारी बिचारा एकदा तिच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. बाबांनाही काही कळेना.

दारात पायाळू आजी उभी होती. तिला तेवढं कळलं होतं. तिनं आत येऊन पुढाऱ्याच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली.